मागच्या चाकांचं लॉक लागेना

गाडीखाली उताणं पडून, दातांत टॉर्च धरून, तोंडावर वाळलेल्या चिखलाच्या खपल्या झेलत मी त्या दिवसांत जे काही बोलले, ते माझ्या एकाही विद्यार्थिनीच्या कानावर पडलं नाही हे बरं झालं. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईच्या तोंडी ते शोभलं नसतं. पण माझं टाळकं सटकलं होतं आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे दादा. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्यात. बुधवारी आणि शनिवारी त्यांना जामखेडला डायलिसिसला न्यावं लागतं. तिथे यंत्र त्यांचं रक्त धुतं आणि अंगात साठलेलं पाणी काढतं. एक खेप चुकली तर पाय सुजतात आणि दम लागतो, दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे. आई गेल्यावर मी मुदतीआधीच नोकरी सोडून वस्तीवर राहायला आले ती याच कामासाठी.

वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत. मधे पाणंद आहे, म्हणजे रानांमधली गाडीवाट, काळ्या मातीची, दोन्ही बाजूंच्या रानांपेक्षा खोल. पाऊस झाला की शेजारच्या सगळ्या रानांचं पाणी तिच्यात उतरतं. रानं सुकतात, पाणंद सुकत नाही. आमचा भाग दुष्काळी म्हणून सगळीकडे प्रसिद्ध, त्यामुळे आमच्याकडे चिखल असतो हे कुणाला पटतच नाही. अँब्युलन्सवाला डांबरीवर थांबून फोन करतो, ‘बाई, पेशंट इथवर आणा.’ इथवर आणता आला असता तर तुला कशाला बोलावलं असतं, असं मी एकदा त्याला म्हटलं. तेव्हापासून तो फोनही उचलत नाही.

अशा जागी आमचा आधार म्हणजे ही जुनी परदेशी बनावटीची डिझेल गाडी. ती माझ्या धाकट्या भावाची हौस. सुप्याच्या एमआयडीसीत त्याचं बरं चाललंय. तिथेच कुणाकडून तरी त्याने ती घेतली, दोन पावसाळे डोंगरांवरून मिरवली, आणि बायकोने ‘हे धूड दारातून हलवा’ म्हटल्यावर वस्तीवर आणून सोडली. मी आधी नाक मुरडलं होतं. पण जूनमधल्या चिखलातून तिने आम्हाला सुखरूप बाहेर काढलं आणि मी तिच्याबद्दल वाईट बोलणं बंद केलं.

तिची सगळी करामत मागच्या चाकांच्या लॉकमध्ये आहे. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नावाचा लोखंडी गोळा असतो. वळणावर एक चाक जास्त फिरावं, एक कमी, ही सोय तो करतो. चिखलात हीच सोय नडते. एक चाक घसरलं की सगळी ताकद त्यालाच मिळते, ते जागच्या जागी गरगरत राहतं आणि दुसरं ढिम्म. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि ज्याला धर आहे ते गाडी ओढून काढतं. आमच्या गाडीत हे लॉक वीज किंवा तेल नाही, हवेची ओढ लावते. इंजिनावरचा पंप एका नळीतली हवा शोषून घेतो. त्या ओढीने मागे एका डबीतला रबरी पडदा सरकतो, पडद्याला जोडलेली दांडी आत जाते, लॉक लागतं आणि समोर पिवळा दिवा पेटतो. समोरची काळी मूठ बाहेर ओढायची, एवढंच आपलं काम. भावाने हे सगळं मला आणि दादांना गाडीखाली वाकायला लावून दाखवलं होतं.

हस्ताचा पाऊस लागला त्या आठवड्यातल्या बुधवारी मी मूठ ओढली. दिवा पेटला नाही.

मी पुन्हा ओढली. आत ढकलली, पुन्हा ओढली. गाडी थोडी पुढे घेतली, मागे घेतली, कारण लॉकचे दात जुळायला चाकं जराशी हलावी लागतात. काही नाही. पाणंदीच्या मध्यावर डावं मागचं चाक गरगरायला लागलं आणि बघता बघता गाडी पोटावर बसली. शेजारी दादा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांचा टॉवेल, चादर, बिस्किटाचा पुडा. मी रडकुंडीला आले होते, आणि ते समोर बघत म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे आज. न्हाई तर न्हाई.’’

आज राहू दे! जणू काही लग्नाला जायचं होतं.

त्या दिवशी जाणं झालंच नाही; गाडी तिथेच सोडून दादांना हाताला धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना आडवं होऊन श्वास घेता येईना. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून ते बसले होते आणि घशातून घरघर येत होती. मी माणसं पाहिलीत मरताना, पण एवढं भ्याले नव्हते कधी. पलीकडच्या वस्तीवरचा चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने आधी आमची गाडी चिखलातून ओढून डांबरीवर काढली आणि मग दादांना ट्रॅक्टरवर घालून तिथवर आणलं; तिथून पुढे आम्ही गाडीने जामखेड गाठलं. केंद्रातल्या सिस्टरने मला सगळ्यांसमोर झापलं. मी मान खाली घालून ऐकलं, कारण ती खरंच बोलत होती.

शनिवारीही ट्रॅक्टरच, तोही थेट जामखेडपर्यंत. पण दादा त्यावर बसायचे म्हणजे एका हाताने मडगार्ड धरणार, दुसऱ्या हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा पिळवटायचा. उतरल्यावर म्हणाले, ‘‘बाई, परत मला ह्याच्यावर घालू नगं.’’ चुलतभावाचंही खरं होतं. पाऊस उघडून वापसा आला, म्हणजे रान पेरण्याइतकं सुकलं, की सगळ्या शिवारात पेरणी सुरू होणार, मग ट्रॅक्टर कुणाच्या बांधावर असेल ते त्याच्या बायकोलाही सांगता येणार नव्हतं. म्हणजे पुढच्या बुधवारच्या आत लॉक लागलं पाहिजे, यात दुसरा विचार नव्हता.

गाडी गुरुवारपासून डांबरीवर होतीच. शुक्रवारीच मी ती तशीच नगरला नेली होती. शहराचं नाव बदललं तरी आम्ही नगरच म्हणतो. तिथे एका गॅरेजवाल्याने, परदेशी गाड्या आपणच करतो असं ज्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, ‘‘साहेब नाही आले?’’

‘‘साहेब नाहीत. गाडी मी चालवते.’’

त्याने दिव्याचा बल्ब बदलला. जुना चांगला होता. मग समोरच्या मुठीमागचा व्हॉल्व्ह काढून पेट्रोलने धुतला. तोही चांगला होता. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘‘मॅडम, असं करू, लॉकला वेल्डिंग मारून टाकू. कायमचं लागलेलं राहील. किटकिटच नको.’’ कायमचं लॉक लागलेली गाडी डांबरी रस्त्यावर वळणार कशी, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘सावकाश वळायचं.’’ त्याला गाडीखाली जायचंच नव्हतं. मागच्या बाजूला चिखलाचे थर होते आणि त्याचा शर्ट पांढरा होता. मी गाडी घेऊन परत आले. दोन दिवस उघडीप होती, पाणंदीच्या कडेकडेने कशीबशी वस्तीवर पोचले. संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून आलं.

मग भाऊ. गाडी त्याची, अक्कल त्याची, पण तो सुप्याला आणि मी गाडीखाली. ड्यूटीच्या मधे मधे तो फोन करायचा.

‘‘ताई, व्हॅक्यूम लीक असणार. शंभर टक्के. रबर जुनं झालं की तडकतं. सगळ्या नळ्या चेक कर.’’

‘‘कशा चेक करू?’’

‘‘तोंडाने ओढायची. जीभ लावून धरायची. जीभ चिकटून राहिली तर लीक नाही, सुटली तर लीक.’’

‘‘तू येऊन ओढ ना.’’

‘‘रविवारी बघतो,’’ म्हणाला. रविवार उजाडला तेव्हा त्याला ओव्हरटाइम लागला.

मग मीच हात घातला. शाळेत मुलींना मी एक गोष्ट घोकून घेतली होती: उगमापासून सुरू करा, एकेक पायरी तपासत पुढे जा, उड्या मारू नका. तेच केलं. पंपाची नळी काढून बोट लावलं, बोट आत खेचलं गेलं. पंप ठीक. व्हॉल्व्ह ठीक. तिथून दोन नळ्या गाडीच्या पोटाखालून मागे जातात. एक लॉक लावते, दुसरी सोडवते. लावणाऱ्या नळीचं पुढचं टोक तोंडात धरलं. डिझेल, माती आणि कसलातरी कुजका वास. ओढलं. जीभ पटकन चिकटली आणि चिकटूनच राहिली. कुठे लीक नाही.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण लीक सापडलं असतं तर मी ते बुजवलं असतं. जे सापडतच नाही त्याचं काय करणार?

दादा खुर्ची घेऊन गाडीशेजारी बसायचे. आधी कधी ते असे बसले नव्हते. त्यांचं बूड घरी टिकायचंच नाही. लिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत फिरायचे, खिशात कायम जॉइनर, डमी, नळीचे तुकडे. यंत्रावरून आल्यावर एक दिवस पडून राहायचे, की पुन्हा बागेत. पण त्या चुकलेल्या बुधवारपासून त्यांची ताकदच गेली होती. पाय सुजून चप्पल चढत नव्हती. म्हणून बसलेत बिचारे, असं मला वाटत होतं. त्यात ते मधेच बोलायचे आणि माझी तार तुटायची.

‘‘बाई, मागनं बघ की.’’

‘‘मागून कसं बघणार, दादा? ओढ पुढून येते.’’

‘‘ठिबकचं पानी यीना झालं तर मी शेंड्याकडनं बघत येतो.’’

‘‘ही ठिबक नाही. गाडी आहे. गप्प बसा जरा.’’

ते गप्प बसले. पण तासाभराने पुन्हा, ‘‘मागली नळी काढून बघितली का?’’ मी गाडीखाली आणखी आत सरकले. आजारी माणसाने खुर्चीत बसून हुकूम सोडायचे आणि मी मातीत लोळायचं, असा राग माझ्या डोक्यात चढला होता. तो राग नेमका कशावर होता ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पावसावर, पाणंदीवर, सुप्यावर, त्या पांढऱ्या शर्टवर, आणि हो, दादांवरसुद्धा.

सोमवारी मी चुलतभावाकडून दूध काढायच्या मशीनचा गेज मागून आणला. त्याच्या गोठ्यात गाईंना लावायचं मशीन आहे, तेही ओढीवरच चालतं आणि ओढ किती आहे ते त्या काट्यावर दिसतं. त्याने गेज काढून देताना विचारलं, ‘‘ताई, गाडीची धार काढता का काय?’’ आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. गेज जोडला, इंजिन सुरू केलं, मूठ ओढली. काटा झटकन वर गेला आणि खिळून बसला. म्हणजे जीभ खोटं बोलत नव्हती. ओढ पुरेपूर होती आणि तरीही मागची दांडी हलत नव्हती.

नगरच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मग दांडी आत जाम आहे, मॅडम. पूर्ण डिफरन्शियल उतरवावं लागणार. एक आठवडा धरा.’’

आठवडा म्हणजे बुधवार गेला, शनिवार गेला. मी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून पान्हा अंगणात भिरकावला. कोंबड्या ओरडत पळाल्या. मला रडायला आलं आणि मी रडले. दादा खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते. 

मंगळवारी दुपारी मी पुन्हा खाली गेले, खरं तर कशासाठी तेही ठाऊक नसताना. सोडवणारी नळी अजून तोंडाने तपासली नव्हती, कारण लॉक सुटण्याची कुणाला पडली होती? उगाच तीही ओढून बघितली. आणि गंमत अशी की तिला जीभ चिकटायला तीनचार दम लागले. ओढत गेले, ओढत गेले, मग कुठे चिकटली.

मी तशीच पडून राहिले. नळी तोंडात तशीच.

दोन्ही नळ्या सारख्याच लांबीच्या. दोन्ही त्याच डबीत जातात. मग एका नळीतली हवा संपायला चार दम आणि दुसरीला एकच? लावणाऱ्या नळीत हवा कमी होती. कमी होती कारण ती डबीपर्यंत पोचतच नव्हती. वाटेत कुठेतरी बंद होती. म्हणूनच जीभ एवढी पटकन चिकटत होती, म्हणूनच काटा एवढा ऐटीत उभा राहत होता. आम्ही सगळे, मी, भाऊ, गॅरेजवाला, नळी कुठे फुटलीय ते शोधत होतो आणि नळी बुजलेली होती. इतका साधा विचार सुचायला मला एवढे दिवस लागावेत याचीच चीड आली.

मागे सरकले. डबीच्या तोंडावर नळीचा शेवटचा वीतभर तुकडा रबरी आहे. त्यावर चिखलाचा जाड लेप. तो खरवडून रबर ओढून काढलं आणि डबीचं उघडं तोंड एका साध्या नळीने ओढून पाहिलं. टक् असा आवाज झाला आणि दांडी आत गेली. इतकी अलगद, बिनतक्रार गेली की मला तिची माफी मागावीशी वाटली.

मग रबरी तुकडा उजेडात धरला. आत काळं काहीतरी होतं. चिमट्याने ओढलं, येईना, रबर कापलं. आतून प्लॅस्टिकची डमी निघाली.

ज्याच्या घरी ठिबक आहे त्याला डमी सांगायला नको. ठिबकच्या नळीला नको त्या जागी भोक पडलं, किंवा झाड वाळलं आणि तिथलं पाणी बंद करायचं असलं, की त्या भोकात ही छोटी खुंटी दाबून बसवायची. टोकाला बाणासारखी कड असते, एकदा आत गेली की सहसा निघत नाही. ती गाडीच्या नळीत आपोआप जात नाही. चिखलाबरोबर जात नाही. उंदीर नेऊन ठेवत नाही. ती कुणीतरी रबर काढून, आत दाबून, रबर पुन्हा नीट चढवून, वरून चिखल लिंपून बसवावी लागते.

मी गाडीखालून बाहेर आले. दादा खुर्चीत नव्हते. ओसरीवर बसून शाळूचं बियाणं गंधकात चोळत होते, कणसाला काणीचा रोग लागू नये म्हणून. हात कोपरापर्यंत पिवळे. मी डमी त्यांच्या पुढ्यातल्या घमेल्यात टाकली. त्यांनी ती बघितली आणि चोळायचे थांबले.

‘‘कधी बसवली?’’ मी विचारलं.

‘‘पाऊस लागला तवा.’’

‘‘का?’’

ते बियाण्याकडेच बघत बोलले. ‘‘खालच्या रानात वापसा आला की दोन दिस ऱ्हातो. लई झालं तर तीन. बुधवारी आला तर मी यंत्रावर, गुरवारी आला तर अंथरुनात. तिथनं आलं की दुसऱ्या दिशी पाय धरत न्हाईत. पेर कोन बघनार? तो येडा ट्रॅक्टर घेऊन येनार, बी कुठं तरी खोल घालनार, निघून जानार. एक बुधवार चुकवायचा हुता मला. एकच.’’

‘‘मग मला सांगायचं!’’

‘‘सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय?’’

नसतं ऐकलं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि म्हणूनच मी जास्त ओरडले. मी म्हटलं, तुम्ही मरणार होतात. गुरुवारी सकाळी तुमच्या घशातून कसला आवाज येत होता ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. म्हटलं, एका शाळूच्या पेरणीसाठी? विकत आणून घालते तुम्हाला शाळू, पोत्याने आणते. म्हटलं, आणि झाली का पेरणी? बुधवारी पाऊस धो धो पडत होता, रानात पाय ठेवायला जागा नव्हती, कशासाठी चुकवलात मग?

‘‘त्येच तर,’’ दादा म्हणाले. ‘‘पाऊस उघडंल वाटलं हुतं. न्हाई उघडला.’’

‘‘आणि नंतर? एवढे दिवस मी तिथे मातीत लोळतेय, नगरला गेले, त्या माणसाची बोलणी ऐकली. काढून का नाही टाकलीत?’’

 पिवळा हात गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, ‘‘काढाया गेल्तो. रविवारी सकाळी, तू गावात गेलतीस तवा. खाली वाकाया यीना. बसलो, तर परत उठाया यीना. चाकाला धरून कसाबसा उभा ऱ्हायलो. मग काय सांगू तुला? म्हनून म्हनत हुतो, मागनं बघ.’’

मी तिथून निघाले आणि विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागे जाऊन उभी राहिले. राग गेला नव्हता. पण दम लागलेला, सुजलेल्या पायांचा माणूस, चाकाला धरून उठायची खटपट करतोय आणि आसपास कुणी नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. त्याचा मला रागाहून जास्त त्रास झाला.

संध्याकाळी नवं रबर चढवलं. दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलली, मूठ ओढली, एक चाक हाताने फिरवलं. दुसरंही त्याच बाजूला फिरलं. पिवळा दिवा पेटला. भावाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, ‘‘बघ, मी म्हटलं नव्हतं, नळीतच आहे!’’ मी फोन बंद केला.

रविवारपासून पाऊस नव्हता आणि बुधवारी सकाळपासून ऊन लख्ख होतं. दादा बांधावरून रान बघून आले, मी उचलून दिलेली मूठभर माती दाबली, ती सुटून पडली. वापसा आला होता. मी केंद्राला फोन करून दुपारची पाळी मागितली. सिस्टर कुरकुरली, पण दिली. चुलतभावाला मी बोलले असेन थोडं, कारण तो न्याहारी सोडून ट्रॅक्टर घेऊन आला. दादा खुर्ची घेऊन बांधावर. प्रत्येक फेरीला मला पाठवायचे, तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बोट घालून बी किती खोल गेलंय ते बघायला. मी बोटाचं पेर दाखवायचे. ते म्हणायचे, ‘‘खोल हाय, वर घ्या म्हनावं.’’ अर्धा दिवस मी हेच केलं, घड्याळाकडे बघत, तोंडाने पुटपुटत. दुपारी पाणंदीत मूठ ओढली, दिवा पेटला, गाडी एकदा थरथरली आणि दोन्ही चाकांवर सरळ निघाली.   यंत्रावर त्यांच्या अंगातून भरपूर पाणी निघालं आणि येताना ते गाडीत झोपले.

शनिवारी गेलो. आमचं बोलणं तुटकच होतं.

मग पुढचा बुधवार. मी गाडी दारात आणली, पिशवी मागे टाकली. दादा ओसरीवर बसलेले. एरवी मी ‘चला’ म्हणते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, ‘‘दादा, जायचं ना?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कधी विचारत नाही हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.  मला आतून धडकी भरली, कारण विचारलंय म्हणजे ‘नाही’ आलं तर ते ऐकावं लागणार होतं. इंजिन चालूच होतं. मी ते बंद केलं आणि दार उघडून पायरीवर बसले.

‘‘आधी खालच्या रानाकडं घे,’’ ते म्हणाले. ‘‘उगवन बघतो. मग ठरवू.’’

रानाच्या कडेला गाडी लावली. काच खाली करून ते बघत राहिले, पण तेवढ्या उंचीवरून त्यांना हिरवं दिसत नव्हतं. दार उघडून त्यांनी पाय बाहेर काढला आणि तसाच ठेवला. मग मीच उतरले. तासात वाकून बघितलं, एका जागी, दुसऱ्या जागी, पलीकडच्या तुकड्यात. परत येऊन बोट धरून दाखवलं, एवढं.

‘‘सगळीकडं?’’

‘‘सगळीकडे. एकसारखं.’’

त्यांनी पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं.

‘‘मग चल,’’ म्हणाले.